पोटाची सुट्टी कोणी खाल्ली?

1492 साली कोलंबस अटलांटिक ओलांडून गेला नसता, तर मराठी घरातल्या एकादशीच्या ताटात फारसे काही उरले नसते. साबुदाण्याची खिचडीच घ्या. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो कंद दक्षिण अमेरिकेचा. खिचडीतला दाण्याचा कूट, बटाट्याच्या फोडी आणि हिरवी मिरची हेही तिकडचेच. शेजारचा राजगिऱ्याचा लाडू मेक्सिकोकडचा आणि रताळ्याचा कीस पुन्हा अमेरिकेचा. इथले म्हणावे असे राहते ते तूप, जिरे, ताक, खोबरे, वरई आणि शिंगाडा. सोवळे पाळून, सैंधव मीठ घालून, देवापुढे नैवेद्य दाखवून जे खाल्ले जाते, त्यातला निम्म्याहून अधिक भाग पाचशे वर्षांपूर्वी या देशात कोणी पाहिलेलाही नव्हता.

पाहुणे आले म्हणून तक्रार करण्याचे कारण नाही. भाकरीबरोबरचा ठेचासुद्धा पाहुणाच आहे. प्रश्न पोटाचा आहे. पचनाला विसावा मिळावा म्हणून ज्या दिवसाची योजना झाली, तोच दिवस मराठी माणसाला वर्षातला सर्वांत पित्तकारक दिवस कसा वाटू लागला? उपवासाच्या संध्याकाळी डोके धरून बसणारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोट साफ झाले नाही म्हणून कुरकुरणारी माणसे घरोघरी आहेत. हे उपाशी राहिल्याने होत नाही. खाल्ल्याने होते, आणि त्या खाण्याला इतिहास आहे.

आयुर्वेदाने उपाशी राहण्याकडे उपचार म्हणून पाहिले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला बाविसावा अध्याय लंघन आणि बृंहण, म्हणजे शरीर हलके करणे आणि भरणे, याच विषयावर आहे. त्यात लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत. वमन-विरेचनासारख्या शोधनाच्या चार क्रिया, तहान सोसणे, वारा आणि ऊन घेणे, पाचक औषधे, व्यायाम आणि उपवास. उपवास हा दहातला एक. पावसाळ्यात जठराग्नी मंद होतो, हे त्याच ग्रंथातल्या ऋतुचर्येचे सांगणे. चातुर्मासात व्रतांची गर्दी का होते, याचे एक उत्तर इथे सापडते. आषाढी एकादशीच्या आधी येणारी कांदेनवमी पाहा. पुढचे चार महिने कांदा, लसूण, वांगी सोडायची, म्हणून त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, भरल्या कांद्यांची भाजी असा बेत. सोडण्याआधी भरपेट खाऊन घेण्याची ही मराठी वृत्ती पुढच्या सगळ्या गोष्टीत लक्षात ठेवावी लागेल.

धर्मशास्त्राची वाट वैद्यकापेक्षा वेगळी होती. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ नावाचा प्रचंड ग्रंथ रचला. त्यातल्या व्रतखंडात तिथीमागून तिथी आणि व्रतामागून व्रत येत राहते. विसाव्या शतकात भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात या व्रतांचा पसारा आवरून दाखवला. या परंपरेत एक यादी फार प्रसिद्ध आहे आणि ती महाभारताच्या उद्योगपर्वातही भेटते: आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध.

ज्याला निर्जळी झेपत नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी ही सवलत होती. चिमूटभर कंद, एखादे फळ, वाटीभर दूध. सवलत देताना शास्त्रकारांनी पदार्थाची जात सांगितली, माप मात्र सांगितले नाही. बंदी धान्यावर होती. मूळ आणि फळ मोकळे होते. पुढे समुद्रापलीकडून जे जे मूळ आले ते या दारातून आत शिरले.

वास्को द गामा 1498 साली कालिकतला उतरला आणि 1510 साली गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेला. ब्राझीलही त्यांचेच असल्यामुळे अमेरिकेतली रोपे त्यांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागली. त्यांचा स्वीकार एका रात्रीत झाला नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’तल्या मुदपाकखान्याच्या वर्णनात मिरची नाही, तिखटपणा मिऱ्याचा. पण मिरची झपाट्याने पसरली, आणि मजा अशी की उपवासाला मोहरी, हळद, हिंग न चालणाऱ्या घरातही ती बिनबोभाट चालू लागली. बटाट्याला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकात पुणे जिल्ह्यात खेड-जुन्नरच्या बाजूला त्याची लागवड वाढली आणि मग तो कंदमूळ म्हणून ताटात बसला. शेंगदाणा तर शेंगवर्गातला, तूर-हरभऱ्याचा भाऊबंद. हरभरा उपवासाला निषिद्ध, पण शेंगदाणा चालतो. तो जमिनीखाली येतो म्हणून ‘मूळ’ मानला गेला असावा. वनस्पतिशास्त्राला ते मान्य नाही, स्वयंपाकघराला मात्र सोयीचे होते.

राजगिऱ्याची कथा या सगळ्यांत विलक्षण. दाण्यासाठी लावल्या जाणाऱ्या राजगिऱ्याच्या जाती मूळच्या अमेरिकेतल्या. मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याचे पीठ मधात मळून देवांच्या मूर्ती करत आणि समारंभानंतर त्या तोडून प्रसाद म्हणून खात. स्पॅनिश धर्मगुरूंना त्यात आपल्या धर्मविधीची विटंबना दिसली आणि त्यांनी ही प्रथा दडपली. तिथे देवाच्या नावावर बंद पडलेले धान्य इथे देवाच्या नावावर चालू झाले. आजही मेक्सिकोत फुलवलेला राजगिरा गोड पाकात घालून वड्या करतात आणि त्या आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीशेजारी ठेवल्या तर ओळखू येणार नाहीत. पचनाच्या दृष्टीनेही उपवासाच्या सगळ्या परदेशी पदार्थांत हा सर्वांत सज्जन. त्यात चांगली प्रथिने आहेत, तंतू आहेत आणि लाह्या दुधात भिजवून खाल्ल्या तर पोटाला जडही होत नाहीत. पण मान मात्र साबुदाण्याला.

साबुदाणा मुळात साबुदाणाच नव्हता, असे म्हटले तर खिचडीप्रेमींना राग येईल. खरा सागो होतो आग्नेय आशियातल्या सागो ताडाच्या खोडातल्या गरापासून. मलाया-सिंगापुराकडून तो मोत्यांसारख्या दाण्यांच्या रूपात जगभर जात असे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या घरांत तो आजाऱ्याचे अन्न म्हणून ओळखला जाई. हिंदुस्थानातही तापकऱ्याला पातळ साबुदाणा देण्याची रीत पडली. बंगालात ‘साबू-बार्ली’ म्हणजे आजाऱ्याचे पथ्य. आपल्याकडेही ताप उतरल्यावर साबुदाण्याची पातळ लापशी देणाऱ्या आज्या कालपरवापर्यंत होत्या. हलके, पांढरे, धान्य नसलेले आणि आजाऱ्यालाही सोसणारे अन्न उपवासाला चालायला हरकत कोण घेणार? आजाऱ्याच्या वाटीतून उपवासाच्या ताटात ते आले ते बहुधा याच वाटेने.

कसाव्याची वाट वेगळी. केरळात तो पोर्तुगिजांबरोबर आला असला तरी त्याचा प्रसार झाला त्रावणकोरचे महाराजा विशाखम तिरुनाळ यांच्या काळात. त्यांची कारकीर्द 1880 ते 1885. तांदळाचा तुटवडा पडला तर गरिबाला आधार म्हणून त्यांनी या कंदाच्या लागवडीला उत्तेजन दिले. मग दुसरे महायुद्ध आले. 1942 साली मलाया आणि सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि तिकडचा माल बंद झाला. त्या टंचाईत तमिळनाडूतल्या सेलमला माणिकम चेट्टियार आणि पोपटलाल शहा यांनी कसाव्याच्या स्टार्चपासून साबुदाणा करायला सुरुवात केली, असे त्या उद्योगाचा इतिहास सांगतो. कंद सोलायचे, भरडायचे, पांढरे दूध टाक्यांत निवळू द्यायचे, तळाला बसलेला ओला गोळा फोडायचा आणि कापडाच्या झोळीत हलवत राहायचे, की त्याचे गोल दाणे वळतात. मग ते तापलेल्या पत्र्यावर भाजायचे आणि उन्हात वाळवायचे. आज देशातल्या साबुदाण्याची राजधानी सेलमच. 1981 साली तिथल्या उत्पादकांची ‘सागोसर्व्ह’ ही सहकारी संस्था निघाली. ज्या तमिळनाडूत हा दाणा तयार होतो तिथे त्याचे पायसम आणि पापड होतात, पण त्याचे मोठे गिऱ्हाईक महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश. श्रावण आणि नवरात्र जवळ आले की सेलमचा भाव मराठी उपवासावर हलतो.

आता या दाण्यात काय आहे ते पाहू. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, पंचाऐंशी ग्रॅमहून अधिक पिष्ट, आणि प्रथिने एक ग्रॅमही नाहीत. तंतू नावापुरते. नुसता पाण्यात शिजवून घेतला तर तो पटकन पचतो आणि रक्तातली साखर तितक्याच पटकन वाढवतो. आजाऱ्याला तो सोसत होता तो त्यामुळेच. पण खिचडीत त्याच्यावर तूप पडते, आणि ज्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलच असते त्या शेंगदाण्याचा मूठमूठ कूट पडतो. स्निग्ध पदार्थ पोटात पोचले की जठर आपला माल पुढे आतड्यात ढकलायची गती कमी करते. म्हणून खिचडी तासन् तास ‘बसते’. वडा तर तळलेला. मुंबईत दादरच्या ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वड्यासाठी रांग लावणाऱ्यांत उपवास असलेले किती आणि नसलेले किती, हे विचारणे अरसिकपणाचे ठरेल. पुण्यात तर फराळी मिसळही मिळते. पदार्थ म्हणून या सगळ्यांना दाद द्यावी. पोटाची विश्रांती म्हणून नको.

दिवसभरात पालेभाजी नाही, कोशिंबीर नाही, डाळ नाही, कोंड्यासकटचे धान्य नाही. तंतूच नसतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या आतड्याने ढकलायचे काय? या बाबतीत ऋषिपंचमीची भाजी शहाणी म्हणायची. बैलाच्या श्रमाचे त्या दिवशी खायचे नाही, एवढाच नियम. त्यामुळे परसातला अळू, माठ, भोपळा, दोडका, मक्याचे कणीस, सुरण असे सगळे एका भांड्यात शिजते. तेल नाही, फोडणी नाही. व्रताच्या निमित्ताने मराठी घरात वर्षातून एकदा होणारा हा तंतूंचा उत्सव साबुदाण्याच्या गर्दीत उगाच मागे पडला.

चहाचे काय? शास्त्रात त्याला परवानगीही नाही आणि बंदीही नाही, कारण शास्त्रकारांना तो माहीतच नव्हता. सामान्य भारतीय घरात चहा रुजला तो विसाव्या शतकात. सरकारने 1903 साली चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. दुकानांत, स्टेशनांवर, गिरण्यांत फुकट कप वाटत वाटत ही सवय लावली गेली. दुधाचा असल्याने तो उपवासाला आपोआप ‘चालू’ लागला. उपाशी पोटी घेतलेल्या चहातले कॅफिन जठरातल्या आम्लाला चाळवते आणि ते आम्ल सोसायला पोटात काही नसते. सकाळी दोन, दुपारी एक, संध्याकाळी पुन्हा एक असे कप झाले की ‘उपवास बाधला’ असे म्हणायचे. बाधतो चहा, नाव उपवासाचे.

उपाशी पोटात काय चालते याचा शोध फार उशिरा लागला. पोट रिकामे असताना आतडी स्वस्थ पडून राहतात, असा समज होता. 1969 साली सुरझेव्स्की या शास्त्रज्ञाने कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवले की उपाशी असताना लहान आतड्यातून ठरावीक अंतराने एक जोरकस लाट वरून खाली सरकत जाते. माणसातही ती साधारण दीड ते दोन तासांनी येते. उरलेसुरले अन्नकण, शेंबडासारखा चिकट स्राव आणि जिवाणू ती पुढे लोटते. पोटात कावळे ओरडतात तो आवाज पुष्कळदा याच झाडलोटीचा असतो. तोंडात काही पडले, की ही लाट थांबते आणि पचनाचे काम सुरू होते. आता उपवासाच्या दिवसाचे वेळापत्रक मांडून पाहा. आठला चहा, दहाला केळे, बाराला खिचडी, तीनला बटाट्याचा चिवडा, पाचला चहा आणि दाण्याचा लाडू, आठला वरई-आमटी. झाडलोटीला जागा उरत नाही. एरवी दोन जेवणांमध्ये जेवढा आराम आतड्यांना मिळतो, तेवढाही उपवासाच्या दिवशी मिळत नाही.

संकष्टी चतुर्थीचे दुखणे वेळेचे आहे. चंद्रोदय होईपर्यंत थांबायचे आणि वद्य चतुर्थीचा चंद्र बहुधा साडेआठ ते दहाच्या दरम्यान उगवतो. दिवसभराची भूक, मग मोदक, तूप, वरण-भात, आणि तासाभरात अंथरूण. आडवे होताच जठरातले आम्ल वर चढायला मोकळे. वर्षाच्या चोवीस एकादश्या (अधिक महिना आला तर सव्वीस), बारा संकष्ट्या, श्रावणातले सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, महाशिवरात्र आणि हरतालिका मोजले तर सगळे पाळणाऱ्या घरात उपवासाच्या दिवसांची पन्नाशी गाठली जाते. इतक्या वेळा होणारी गोष्ट आरोग्याच्या दृष्टीने अपवाद राहत नाही, ती सवय होते.

आणि पारणे! शोधनानंतर रुग्णाला एकदम जेवू घालू नका, आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे घट्ट पेज, मग यूष म्हणजे कढण अशा पायऱ्यांनी त्याला नेहमीच्या अन्नावर आणा, असा आयुर्वेदाचा क्रम आहे. द्वादशीला मात्र पहिल्याच पानावर पुरण पडते.

वारकऱ्याला या हिशेबातून वगळायला हवे. आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंतचे अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरात आहे आणि ते तो पायी कापतो. वाटेत कोणी हातावर ठेवलेली खिचडी पुढच्या विसाव्यापर्यंत जिरलेली असते. तीच खिचडी दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने त्याच मापाने खाल्ली, की पोट तक्रार करते. जैन समाजात आजही उपवास म्हटला की फक्त उकळून निववलेले पाणी, तेही सूर्यास्तापर्यंत. त्यांच्याच आयंबिल या व्रतात तेल, तूप, दूध, गूळ आणि मसाला नसलेले नीरस अन्न एकदाच. एकाच गावात, एकाच आळीत उपवास या एका शब्दाखाली इतकी टोकाची आचरणे शेजारी नांदतात.

पोटासाठी उपवास गंभीरपणे घेणारे एक ठिकाण पुण्याजवळच आहे. 1946 साली गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. तिथल्या पद्धतीत उपवासाला पाणी, फळांचा रस, एनिमा आणि विश्रांती असते, आणि तो सोडताना घाई नसते. खेड्यातल्या गरिबाला स्वस्तात बरे करणे हा गांधीजींचा हेतू होता. या पद्धतीचे सगळेच दावे आधुनिक वैद्यकाला मान्य नाहीत, पण ‘उपवास म्हणजे कमी’ हा साधा अर्थ तिथे जपला गेला.

ताटातल्या इथल्या धान्याचीही एक गोष्ट राहिली. वरई, म्हणजे भगर, हे अकोले, इगतपुरी, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरउतारावरचे आदिवासी शेतकऱ्यांचे रोजचे धान्य. नाशिकच्या गिरण्यांत ती सडली जाते आणि शहरात येऊन उपवासाची होते. साबुदाण्यापेक्षा तिच्यात प्रथिने आणि तंतू अधिक, आणि पातळ शिजवून ताकाबरोबर घेतली तर पोटाला ती खरोखर हलकी. पण पावसाळी दमट हवेत ती, आणि विशेषतः तिचे पीठ, लवकर बुरसते. अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी धरली तर त्यातल्या विषाने उलट्या, जुलाब, चक्कर आणि हातपाय थरथरणे सुरू होते. फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी एकादशीच्या प्रसादाची भगर आणि आमटी खाऊन दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. खाटा पुरल्या नाहीत, तेव्हा रुग्णांना दवाखान्याबाहेर जमिनीवर झोपवून, दोरीला सलाइनच्या बाटल्या टांगून उपचार झाले.

अन्न व औषध प्रशासन सणाच्या आधी दरवेळी तेच सांगते, आणि ते ऐकण्यासारखे आहे. सुटी भगर घेऊ नका, पाकिटावरची तारीख पाहा, तयार पीठ साठवू नका, लागेल तेवढे निवडून घरीच दळा आणि शिजवलेले लगेच खा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी येत्या एकादशीला एक वेळ वाटीभर वरईची पेज आणि ताक, एवढ्यावर राहून पाहावे.